तयार असलेलं मूल आणि तयार केलेलं मूल

खासगी शाळांच्या शिष्यवृत्तीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "मूल खरंच हुशार असेल तर त्याला तयारी कशाला लागते?" आणि दुसरं, "सगळे क्लास लावतात, आपणच नाही लावला तर आपलं पोर मागे पडेल." पहिलं बोलणारे स्वतःला तत्त्वनिष्ठ समजतात, दुसरं बोलणारे व्यवहारी. गंमत अशी की मुळात दोघांची समजूत एकच आहे: तयारी म्हणजे मुलावर चढवायचा मुलामा. एकाला तो मुलामा लबाडी वाटतो, दुसऱ्याला नाइलाज, इतकाच काय तो फरक. ही समजूतच चुकीची असेल तर वादात कुणीही जिंको, भुर्दंड मुलालाच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. चाचणीची आणि मुलाखतीची तयारी करून घेण्यात लबाडी नाही. ज्या घराला या जगाची ओळख नाही, तिथल्या मुलासाठी तर ते कुणा ना कुणा मोठ्या माणसाचं कर्तव्यच आहे. पण ही तयारी परकेपणा घालवण्यापुरती असावी. प्रश्नपत्रिकेचा परकेपणा, घड्याळाचा परकेपणा, अनोळखी माणसासमोर बसून बोलण्याचा परकेपणा. तो गेला की थांबावं. त्यापुढे जे काही चालतं, ते त्या मुलाला बाजूला सारून त्याच्या खुर्चीत दुसरंच कुणीतरी बसवायचा उद्योग असतो.

तयारी न झालेलं मूल असं काही असतं का मुळात? जिथे जेवताना बातम्यांवरून वाद होतात, मुलानं "का?" विचारलं की कुणीतरी हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर देतं, रात्री गोष्ट वाचताना मध्येच थांबून "आता पुढे काय होईल?" असं विचारतं, त्या घरातलं मूल दहा वर्षं रोज मुलाखतच देत असतं. त्याची फी नसते, म्हणून कुणी त्याला क्लास म्हणत नाही. ते मूल पॅनेलसमोर मोकळेपणानं बोललं की कौतुक होतं, "किती सहज आहे!" आणि ज्या घरात दोघंही दोन-दोन पाळ्या करून दमून येतात, मोठ्यांच्या बोलण्यात पोरांनी तोंड घालायचं नाही असा दंडक असतो, तिथलं तेवढंच तल्लख पोर त्याच खुर्चीत बसून एका शब्दात उत्तर देतं आणि मान खाली घालतं. त्याच्या कागदावर शेरा पडतो, "बुजरा". हे बुद्धीचं माप झालं का? पण तयारीच नको म्हणणाऱ्यांचा न्याय असाच आहे. घरात फुकट मिळालं ते उपजत, आणि कुणीतरी सहा आठवडे शेजारी बसून दिलं ते बनावट.

लेखी परीक्षेचंही तेच. ओळखीच्या एका मुलीची सरावाची उत्तरपत्रिका मी तपासत होते. गणितात तिचं डोकं असं की मोठ्यांनी कौतुकानं बघत राहावं. प्रश्न ४०, गुण आले १८. माझा विश्वास बसेना. नीट पाहिलं तेव्हा उलगडा झाला. चौदावा प्रश्न अवघड वाटला म्हणून तिनं सोडला होता, पण चौदाव्या ओळीतला गोल मोकळा ठेवायचं विसरली. पंधराव्याचं उत्तर चौदाव्यात, सोळाव्याचं पंधराव्यात, असं थेट शेवटपर्यंत. अखेरीस एक ओळ रिकामी उरली तेव्हा तिच्या लक्षात आलं, पण वेळ संपली होती. एक ओळ सरकवून मी पुन्हा तपासलं. ३६. या दोन आकड्यांमधल्या अंतराला हुशारी म्हणायचं का? दर पाच प्रश्नांनंतर बोट ठेवून क्रमांक जुळवायचा, हे तिला शिकवायला मला दहा मिनिटं लागली. ही दहा मिनिटं ज्यांना लबाडी वाटतात, त्यांनी मग मुलांना पेन्सिलही धरायला शिकवू नये.

"आमची चाचणी निव्वळ उपजत क्षमता मोजते, सरावाचा तिच्यावर परिणाम होत नाही" हा दावाही जुनाच. बुद्धिमापनाचा पाया घालणाऱ्या आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आपली मोजपट्टी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या आणि जादा मदत लागणाऱ्या मुलांना ओळखण्यासाठी. बुद्धी जन्माला येताना शिक्का मारून येते असं ते मानत नसत. पुढे हे हत्यार उलट्या बाजूनं वापरलं जाऊ लागलं, वरचे निवडण्यासाठी. अमेरिकेत १९२६ मध्ये एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा सुरू झाली तेव्हा तिच्या नावातच 'अ‍ॅप्टिट्यूड' म्हणजे उपजत कल हा शब्द होता, आणि शिकवणीनं गुण वाढत नाहीत असं ती घेणारे छातीठोकपणे सांगत. ब्रुकलिनमध्ये आईवडिलांच्या घराच्या तळघरात शिकवण्या घेणाऱ्या स्टॅन्ली कॅप्लन या तरुणाला अनुभव वेगळाच येत होता, त्याची मुलं गुण वाढवून घेत होती. हे प्रकरण फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेपर्यंत गेलं आणि १९७९ च्या अहवालात शिकवणीनं गुण वाढू शकतात हे मान्य झालं. १९९० च्या दशकात तो 'अ‍ॅप्टिट्यूड' शब्द परीक्षेच्या नावातून निघून गेला. म्हणजे ज्यांनी परीक्षा बनवली त्यांनीच जो आग्रह सोडून दिला, तो आपण पालकांच्या गळ्यात कशाला बांधायचा?

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते खरं म्हणायलाच हवं, आणि ते बरंच आहे. तयारीला बाजार लागला की शिष्यवृत्ती गरजूंच्या हातून निसटते. ही भीती मनची नाही, हे घडून गेलेलं आहे. इंग्लंडमधली विंचेस्टरची शाळा १३८२ मध्ये स्थापन झाली ती ७० गरीब, गरजू विद्यार्थ्यांसाठी. १४४० मध्ये ईटनची शाळा आली, तिनंही पुढे ७० हाच आकडा धरला. शेकडो वर्षं या जागा ओळखीपाळखीनं, शिफारशीनं भरल्या जात होत्या. विंचेस्टरमध्ये तर संस्थापकाच्या वंशजांना वेगळा मान होता. एकोणिसाव्या शतकात सुधारकांनी हा वशिला मोडून काढला आणि खुली स्पर्धा परीक्षा आणली. हेतू स्वच्छ होता, पण परीक्षा होती लॅटिन आणि ग्रीकची. या भाषा गरीब घरातल्या पोरानं कुठून आणायच्या? त्या शिकवणाऱ्या महागड्या पूर्वतयारीच्या शाळा होत्या, त्यांची फी भरू शकणाऱ्यांची मुलं परीक्षेत वर आली, आणि गरिबांसाठी ठेवलेल्या जागा चांगल्या खात्यापित्या घरांत गेल्या. तेही 'गुणवत्तेवर', त्यामुळे बोलायची सोय नाही. वशिल्यानं मिळालेल्या जागेची निदान लाज वाटते, परीक्षेनं मिळालेल्या जागेचा अभिमानच वाटतो.

मग शिकवणीवर बंदी घालावी? दक्षिण कोरियानं घालून पाहिली. १९८० मध्ये तिथल्या लष्करी राजवटीनं खासगी शिकवण्या बेकायदा ठरवल्या. शिकवण्या थांबल्या नाहीत, दारं लावून चालू राहिल्या, आणि धोका वाढला तशा महाग झाल्या. ज्यांना परवडत होतं त्यांना परवडतच राहिलं. २००० मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं ती बंदी घटनाविरोधी ठरवली. चीननं २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफेखोर शिकवणी कंपन्यांवर घाव घातला, त्यानंतरही घरी येऊन गुपचूप शिकवणारे मिळतच राहिले. बक्षीस मोठं आणि जागा मोजक्या असल्या की तयारी होणारच. प्रश्न एवढाच उरतो की ती कुणाकुणाची होणार. तत्त्व म्हणून हात आखडता घेणारा सुशिक्षित पालक स्वतःच्या मुलाचं फारसं नुकसान करत नाही, ते मूल घरातच शिकलेलं असतं. पण तेच तत्त्व तो शेजारच्या कामगाराला सांगतो तेव्हा त्याची किंमत दुसऱ्याच्या पोराला मोजावी लागते.

मराठी वाचकाला इथे एक नाव आठवायला हवं. केळूसकर गुरुजी. इंटरच्या परीक्षेनंतर भीमराव आंबेडकरांचं शिक्षण पैशाअभावी अडायची वेळ आली, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळूसकर त्यांना सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचं समाधान झालं आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या प्रश्नांची उत्तरं केळूसकरांनी पढवली होती का? ती बुद्धी कुणी पढवू शकलंच नसतं. केळूसकरांनी केलं ते वेगळं: १९०७ मध्ये मॅट्रिक झालेल्या त्या मुलाला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं, त्याच्या वाचनात लक्ष घातलं, आणि वेळ आली तेव्हा कुठल्या दाराशी जायचं हे ठाऊक असल्यामुळे दारापर्यंत सोबत केली. मी म्हणते ती तयारी ही. हुशारीला वाट दाखवणारं कुणी नसेल तर ती स्वतःच्या पायांनी त्या दाराशी पोचेलच, ही निव्वळ भाबडी कल्पना आहे.

दुसरा आक्षेप शिक्षकांकडून येतो आणि तो मला जास्त टोचतो. घोटून घोटून आत पोचलेलं मूल पुढे टिकत नाही. वर्गातला वेग त्याला झेपत नाही, शिष्यवृत्ती टिकवायला दरवर्षी ठरावीक दर्जा राखावा लागतो, आणि अकराव्या वर्षी 'हुशार' म्हणून मिरवलेलं मूल तेराव्या वर्षी स्वतःला ढ समजू लागतं. अशी मुलं मी पाहिली आहेत. आक्षेप खरा आहे, पण तो तयारीच्या अतिरेकावर आहे, तयारीवर नाही. सरावाचा गुणांवर होणारा परिणाम पहिल्या काही वेळांतच सगळ्यात मोठा असतो. प्रश्नांचे प्रकार कळतात, वेळेचा अंदाज येतो, धास्ती कमी होते. त्यानंतर आलेख झपाट्यानं सपाट होत जातो. आठ-दहा प्रश्नपत्रिका नीट सोडवल्या आणि प्रत्येक चूक कुठून आली हे बसून पाहिलं, तर मिळण्याजोगं बहुतेक मिळालेलं असतं. पुढच्या दीडशे प्रश्नपत्रिका क्लासवाल्याच्या जाहिरातीसाठी असतात. दोन वर्षं रोज दोन तास घोटूनच जे मूल रेषेपलीकडे जातंय, त्याच्याबद्दल ती परीक्षा काहीतरी सांगत असते, आणि ते ऐकायची हिंमत पालकांत हवी.

न्यूयॉर्कमध्ये १९७८ मध्ये सुरू झालेला 'प्रेप फॉर प्रेप' हा उपक्रम यासाठीच मला महत्त्वाचा वाटतो. सरकारी शाळांतली कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई मुलं निवडायची आणि खासगी शाळेत पाऊल ठेवण्याआधी त्यांच्याकडून १४ महिने काम करून घ्यायचं: दोन उन्हाळे पूर्ण, मधल्या वर्षात शाळा सुटल्यावर आणि शनिवारी. काम कसलं? लेखन, गणित, विज्ञान, इतिहास. प्रवेशाची चाचणी या वाटेवरचा एक थांबा असतो, मुक्काम नसतो. आत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात निबंध लिहायला सांगितला तर गांगरायचं नाही, हा खरा हेतू. आपल्याकडे तयारी म्हटलं की फक्त दार उघडण्याचा विचार होतो, दाराच्या आत रोज राहायचं आहे हे कुणाच्या ध्यानातच नसतं.

मुलाखतीबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण सगळ्यात जास्त खेळखंडोबा तिथे चालतो. एका सहकाऱ्यानं त्याच्या दहा वर्षांच्या मुलाला माझ्याकडे पाठवलं, "जरा खोटी मुलाखत घ्या" म्हणून. मुलगा आला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि बुटांकडे बघत बोलू लागला. छंद? "मला वाचनाची आणि बुद्धिबळाची आवड आहे. बुद्धिबळामुळे एकाग्रता वाढते." शेवटचं कुठलं पुस्तक वाचलंस? एका थोर शास्त्रज्ञाच्या चरित्राचं नाव आलं. त्यातलं काय आवडलं? "त्यांचे परिश्रम." परिश्रम म्हणजे काय केलं त्यांनी? गप्प. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात. मी विषय सोडून दिला आणि सहज विचारलं, यायला उशीर का झाला रे? तर म्हणाला, लिफ्ट. आणि मग सुटलाच. त्यांच्या इमारतीत शेजारी-शेजारी दोन लिफ्ट आहेत, दोन्हींची बटणं वेगळी. घाईतली माणसं दोन्ही बटणं दाबतात आणि जी आधी येईल तिच्यातून निघून जातात. दुसरी बिचारी त्या मजल्यावर येऊन उगाच थांबते. "तिला कळतच नाही ना, की माणूस गेलाय." एका सुट्टीच्या दुपारी त्यानं लिफ्टमध्येच बसून मोजलं होतं: २० वेळा थांबली, त्यातल्या सात वेळा बाहेर कुणीच नव्हतं. मग म्हणे पहिल्या लिफ्टनं दुसरीला सांगायला हवं. कसं सांगेल, मी विचारलं, तर त्यानं माझ्या टेबलावरचा कागद ओढून आकृतीच काढायला घेतली.

ज्या शाळेला शिष्यवृत्ती द्यायची आहे ती या मुलाच्या शोधात असते, आणि आईबापांनी त्याला झाकून त्याच्या पुढ्यात बुद्धिबळ ठेवलेलं असतं. दिवसभरात वीस-पंचवीस मुलांशी बोलणाऱ्या माणसाला पाठ केलेलं उत्तर दुसऱ्याच शब्दाला ओळखू येतं. त्याला फार हुशारी लागत नाही. आवाज एकसुरी होतो, नजर छताकडे जाते आणि खोदून विचारलेला पुढचा प्रश्न पेलवत नाही. चीनमध्ये सरकारी सेवेच्या परीक्षांत ठरावीक आठ अंगांचा निबंध लिहायची पद्धत शतकानुशतकं होती. साचा इतका पक्का की माणसं आशयापेक्षा साचाच घोटत बसली. ती सगळी परीक्षापद्धती १९०५ मध्ये मोडीत निघाली. आपण दहा वर्षांच्या पोरांकडून तोंडी आठ अंगांचा निबंधच घोटून घेतोय: छंद, आदर्श, ध्येय, बलस्थान, उणीव. उणीव कुठली? "मी फार मेहनत करतो." ही उत्तरं ऐकून मुलाखत घेणाऱ्यांना हसू येत नसेल तर त्यांच्या संयमाला दाद द्यायला हवी.

पण यावरून "मुलाखतीची तयारीच करू नका" हा जो निष्कर्ष लगेच काढला जातो, तोही आळशीपणाचा आहे. लिफ्टचा हा मुलगा प्रत्यक्ष मुलाखतीत लिफ्टबद्दल बोलला असता का? आपण होऊन कधीच नाही. लिफ्टसारख्या फालतू गोष्टीवर मोठ्या माणसांशी बोलायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. तयारी करायची ती इथे. त्याला दर आठवड्याला वेगवेगळ्या मोठ्या माणसांशी पंधरा मिनिटं बोलायला बसवलं, एकदा माझ्या एका मैत्रिणीशी, एकदा एका निवृत्त मास्तरांशी. उत्तरं एकही सांगितली नाहीत. सवयी मात्र काही लावल्या. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगायचं, त्यात कमीपणा नाही. "मला माहीत नाही, पण मला वाटतं..." हे वाक्य चुकीच्या उत्तरापेक्षाही आणि गप्प बसण्यापेक्षाही चांगलं. टेबलावर एखादी अनोळखी वस्तू ठेवून "ही कशासाठी असेल?" असं विचारलं तर डोक्यात चाललेला विचार मोठ्यानं बोलायचा, वाटेत चुकला तर "नाही, असं नसेल" म्हणून मागे यायचं. नवा उतारा वाचून झाला की त्यातलं न पटलेलं एक तरी शोधायचं. याला कुणी शिकवणी म्हणो वा संस्कार, मुलाचं जे होतं तेच यातून बाहेर आलं, वरून काही लावावं लागलं नाही.

मुलांच्या बालपणाचं काय, असं विचारणाऱ्यांशी माझं भांडण नाही. फक्त ओझं अभ्यासाचं कमी आणि घरातल्या वातावरणाचं जास्त असतं, असा माझा अनुभव आहे. "तुला मिळाली तरच जमेल बरं का" हे वाक्य दहा वर्षांच्या खांद्यावर ठेवणं म्हणजे घराचा ताळेबंद त्याच्या दप्तरात कोंबणं. आणि हा ताळेबंद मांडायची तयारी खरं तर पालकांची असते, तीच होत नाही. इंग्लंडमधल्या अनेक खासगी शाळांत गुणवत्तेवर मिळणारी शिष्यवृत्ती फीचा लहानसा भागच भागवते, कधी कधी नुसता मानच असतो. मोठी सवलत कुटुंबाचं उत्पन्न आणि मालमत्ता तपासून वेगळ्या अर्जावर दिली जाते. हा फरक माहीत नसल्यानं मुलाला वर्षभर घोटून घेणारे आणि उत्पन्नाच्या अर्जाची तारीख चुकवणारे पालक असतात. सवलत किती वर्षांची, फी वाढली तर ती वाढते का, गणवेश, सहली, प्रवास यांचं काय, हे प्रश्न अर्ज भरण्याआधी शाळेला विचारायचे असतात. विचारायला संकोच वाटतो, मान्य आहे. पण आपण मुलाला अनोळखी माणसाशी न घाबरता बोल म्हणून सांगत असतो, तेव्हा निदान एक फोन आपणही करावा.

लिफ्टवाल्या मुलाला ती शिष्यवृत्ती मिळाली नाही. जागा तीन होत्या, त्याचा क्रमांक चौथा. त्याच्या वडिलांचा पडेल आवाजात फोन आला, आणि बोलता बोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आदल्या संध्याकाळी मुलगा एकटाच खाली इमारतीच्या कार्यालयात गेला आणि व्यवस्थापकासमोर आकृती ठेवून दोन्ही लिफ्ट एकाच बटणाला कशा जोडता येतील ते समजावून आला. त्या माणसानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं म्हणे, कागदही ठेवून घेतला. लिफ्ट अजून उशिराच येते.